५९८ की ४१२? मास स्पेक्ट्रोमेट्रीतून आलेली प्रथिनांची यादी कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हायव्हॅक्स मलेरियाच्या ६ रुग्णांचा आणि ६ निरोगी माणसांचा प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) घेतला. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन करणारं मशीन, दुसऱ्या संस्थेत चाललं, हातात फक्त १२ रॉ फाइली आहेत. लॅबमधल्या जुन्या सॉफ्टवेअरने ४१२ प्रथिनं दिली, नव्याने ५९८. दोन्हीकडे ‘एक टक्का एफडीआर’ (चुकीच्या ओळखींचं प्रमाण) लिहिलंय आणि दोन्हीकडे जुळलेले स्पेक्ट्रम (मशीनने काढलेले वजनांचे आलेख) साधारण २०,०००. गाइड म्हणतात, मोठा आकडा घ्या, पेपरमध्ये बरा दिसतो. खरा कुठला? आणि या वयात प्रोग्रामिंग शिकावं का?

आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. नव्या यादीत जी १८६ प्रथिनं जास्तीची आली आहेत, त्यांतली किती फक्त एका पेप्टाइडवर (प्रथिनाच्या एका तुकड्यावर) आणि एकाच स्पेक्ट्रमवर उभी आहेत ते मोजा. एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. माझा अंदाज, दीडशेच्या खाली आकडा येणार नाही.

का, ते सांगते. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण ‘सॉफ्टवेअरने प्रथिनं दिली’ या वाक्यातच घोळ आहे. मशीनला प्रथिन दिसत नाही. आपण ट्रिप्सिन या एन्झाइमने प्रथिनाचे तुकडे करतो. ट्रिप्सिन लायसिन किंवा आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे कापतं, पुढे प्रोलिन असेल तर सहसा कापत नाही. मशीन त्या तुकड्यांचं वजन करतं, एकेक तुकडा उचलून फोडतं आणि फुटलेल्या कपच्यांचं वजन करतं. त्याचं काम तिथे संपतं. पुढचं सगळं आपलं अनुमान आहे.

आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी संगणक देत नाही, कागद-पेन्सिल देते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा पहिला तुकडा घ्यायचा: वॅलिन, हिस्टिडीन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, दोन ग्लुटामिक आम्लं आणि शेवटी लायसिन. वजनांची बेरीज करायची, पाण्याचे १८.०११ मिळवायचे, ९५१.५०३ डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) येतात. दोन प्रोटॉन चिकटले की मशीनवर तो ४७६.७५९ ला दिसतो, कारण मशीन वजनाला विद्युतभाराने भागून दाखवतं. तुकडा प्रोलिनच्या अलीकडे सहज तुटतो, म्हणून फोडल्यावर ५०२.२५ ला उंच शिखर असायला हवं. (शिखर म्हणते, कारण ‘पीक’ म्हटलं की यवतमाळहून आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला कापूसच आठवायचा.) आणि शेवटी लायसिन आहे, म्हणजे १४७.११ पाशी छोटं का होईना, काहीतरी हवं. सिकलसेलमध्ये याच तुकड्यातलं पहिलं ग्लुटामिक आम्ल जाऊन वॅलिन येतं, वजन २९.९७४ ने घटतं आणि तोच तुकडा ४६१.७७१ ला सरकतो. हे एकदा हाताने केलं की सॉफ्टवेअर काय करतं ते कळतं. डेटाबेसमधल्या, म्हणजे माहीत असलेल्या प्रथिनांच्या यादीतल्या, प्रत्येक प्रथिनाचे कागदावर तुकडे पाडायचे, प्रत्येकाच्या कपच्यांची वजनं काढायची, समोरच्या स्पेक्ट्रमशी ताडायची, सगळ्यात जास्त जुळेल त्याला गुण द्यायचे. १९९४ मध्ये जिमी एंग आणि जॉन येट्स यांच्या सिक्वेस्ट या प्रोग्रामने हे पहिल्यांदा संगणकावर आणलं, १९९९ मध्ये मॅस्कॉट आलं. गुण द्यायच्या पद्धती बदलल्या, वेग कितीतरी पटींनी वाढला, पण मूळ खेळ तोच आहे.

या खेळाची एक खोड आहे: प्रत्येक स्पेक्ट्रमला कुठलं ना कुठलं उत्तर मिळतंच. खरं उत्तर डेटाबेसमध्ये नसलं तरी मिळतं. म्हणून चूक मोजायला उलटा डेटाबेस, म्हणजे प्रथिनांचे क्रम उलटे लिहून केलेली यादी, वापरतात. ती अशी चालते. दादर स्टेशनवर गर्दीत उभ्या आहात, घोषणा अर्धवट ऐकू येतेय, आणि हातात स्टेशनांची यादी आहे. त्या यादीत मी गुपचूप प्रत्येक नावाची उलटी आवृत्ती घालून ठेवली: रददा, ळरप, र्लाकु. अशा हजारभर घोषणांवर तुम्ही खुणा केल्यात आणि त्यांत दहा वेळा ‘ळरप’सारखं काहीतरी निवडलंत, तर खऱ्या नावांवरच्या खुणांतही साधारण दहा अशाच चुकून पडल्या असणार. एलियास आणि गिगी यांनी २००७ मध्ये ही टार्गेट-डिकॉय (खरी नावं आणि खोटी आमिषं) पद्धत नीट मांडली, आज सगळेच ती वापरतात.

आता तुमचा आकडा. जुळलेले स्पेक्ट्रम २०,०००, त्यांत एक टक्का चूक, म्हणजे २०० चुकीच्या जुळण्या. उरलेल्या १९,८०० बरोबर जुळण्या कुठे पडतात? प्लाझ्मात निम्म्याच्या आसपास तर अल्ब्युमिनच असतं, मग इम्युनोग्लोब्युलिन, ट्रान्सफेरिन, फायब्रिनोजेन. त्या सगळ्या मिळून ४०० प्रथिनांवर ढीग करून पडतात. चुकीच्या २०० मात्र ढीग करत नाहीत. माणसाची साधारण २०,४०० प्रथिनं डेटाबेसमध्ये आहेत, त्यांवर त्या कशाही विखुरतात, जवळजवळ प्रत्येक वेगळ्या प्रथिनावर. झाली यादी: ४०० खरी अधिक सुमारे २०० खोटी. स्पेक्ट्रमच्या पातळीवर एक टक्का चूक, प्रथिनांच्या पातळीवर तेहेतीस. तुमचे ५९८ याच्या इतके जवळ आहेत की नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रथिनांच्या पातळीवरची चाळणी बंद राहिली आहे, असं मी चहावर पैज लावून सांगेन. सेटिंग्ज उघडून बघा. स्पेक्ट्रम, पेप्टाइड, प्रथिन, अशा तीन ठिकाणी टक्केवारी असते. तिन्ही लावून पुन्हा चालवा आणि मग किती उरतात ते बघा. थोडी वाढली तर आनंदच आहे, नवी सॉफ्टवेअरं खरंच जास्त काढतात.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची नाही. मे २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये मानवी प्रोटिओमचे, म्हणजे माणसाच्या सगळ्या प्रथिनांच्या यादीचे, दोन मसुदे एकदम आले. एक अखिलेश पांडे यांच्या गटाचा, ज्यात बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सचा मोठा वाटा होता, १७,२९४ जनुकांची प्रथिनं. दुसरा म्युनिकच्या बर्नहार्ड कुस्टर यांच्या गटाचा, १८,०९७. प्रचंड काम होतं आणि आजही उपयोगी आहे. पण काही महिन्यांतच कुणीतरी बोट ठेवलं: दोन्ही याद्यांमध्ये वास ओळखणारे शंभराहून अधिक रिसेप्टर कसे, नाकातली ऊती तर कुणी तपासलीच नव्हती? डेटा जेवढा मोठा तेवढ्या या विखुरलेल्या चुका साचत जातात. २०१५ मध्ये कुस्टर यांच्याच गटाचा सहभाग असलेल्या कामातून प्रथिनांच्या पातळीवर चूक मोजायची सुधारलेली पद्धत आली. चूक दाखवल्यावर मोजमाप सुधारणारे लोक मला आवडतात.

तुमच्या कामात याहून मोठा धोका वेगळाच आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नाही. डेटाबेस कुठला घेतलात? फक्त माणसाचा घेतला असेल तर परजीवीचे तुकडे जबरदस्तीने माणसाच्या नावावर चढतील. माणूस आणि प्लाझ्मोडियम (मलेरियाचा परजीवी) दोन्ही घेतले असतील तर लवकरच कुणीतरी विचारेल, ‘रक्तात परजीवीची प्रथिनं सापडली का?’ आणि सापडतील! हिशोब बघा. व्हायव्हॅक्सची प्रथिनं पाच हजारांहून जास्त, म्हणजे एकत्र डेटाबेसचा साधारण पाचवा भाग. २०० चुकीच्या जुळण्यांतल्या चाळीसेक केवळ योगायोगाने परजीवीच्या वाट्याला येणार. एकूण यादी एक टक्क्यात बसते, पण तुमच्या ‘परजीवी’ रकान्यात तीस-चाळीस जुळण्या असतील तर तिथली चूक शंभर टक्केही असू शकते. ज्या गटाबद्दल दावा करायचाय, त्या गटाची चूक वेगळी मोजायची. शिवाय अॅक्टिन, एनोलेज, एचएसपी-७० यांसारखी प्रथिनं दोघांतही बरीच सारखी असतात. त्यात ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वजन अगदी एकच, ११३.०८४, या तुमच्या प्रयोगात मशीनला फरक कळतच नाही. परजीवीच्या तुकड्यात जिथे आयसोल्युसिन आहे तिथे माणसाच्या तुकड्यात ल्युसिन असेल, तर तो तुकडा कुणाचाच पुरावा नाही. प्रत्येक ‘परजीवी’ पेप्टाइडमधल्या सगळ्या आयसोल्युसिनच्या जागी ल्युसिन घालून मानवी डेटाबेसमध्ये शोधा, हे न करता पुढे जाऊ नका.

डेटाबेस चुकला की काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मधमाश्यांचं आहे. अमेरिकेत पोळी ओस पडत होती. २०१० मध्ये एका गटाने मास स्पेक्ट्रोमेट्रीवरून जाहीर केलं की मेलेल्या पोळ्यांत एक इरिडोव्हायरस आहे. वर्तमानपत्रांत गाजलं. २०११ मध्ये नुडसेन आणि चॉकली यांनी दाखवून दिलं की शोध घेताना डेटाबेसमध्ये मधमाशीची प्रथिनंच नव्हती. नमुना मधमाशीचा, आणि विचारलं काय, तर ‘यातला कुठला विषाणू?’ मशीनने मधमाशीचेच तुकडे मोजले होते, त्यांना नाव विषाणूचं मिळालं.

त्यामुळे तुमच्या डेटाबेसमध्ये तीन गोष्टी हव्यात. माणूस, परजीवी आणि कचरा. कचरा म्हणजे ट्रिप्सिन स्वतः, गाईचं अल्ब्युमिन आणि आपल्या कातडीचं-केसांचं केराटिन. तयार यादी मिळते, ती घाला. आणि स्पेक्ट्रम डोळ्यांनी बघताना ४४५.१२ ला सतत एक रेघ दिसली तर घाबरू नका, तो हवेतला सिलॉक्सेन आहे, डिओडरंटपासून ट्यूबपर्यंत कुठूनही येतो. बरेचजण त्याचाच काटा धरून वजनं दुरुस्त करतात. ४४.०२६ च्या पायऱ्या मात्र दिसल्या तर कुणीतरी डिटर्जंट नीट धुतलेलं नाही, ती फाइल बाजूला ठेवा.

सेटिंग्जबद्दल थोडंच. कपच्यांच्या वजनात किती फरक चालवून घ्यायचा, हे मशीनवर अवलंबून असतं. ऑर्बिट्रॅपमध्ये (जास्त अचूक प्रकारच्या मशीनमध्ये) मोजल्या असतील तर ०.०२ डाल्टन, आयन ट्रॅपमध्ये असतील तर अर्धा डाल्टन. फाइल दुसऱ्या संस्थेची आहे, तिथे फोन करून विचारा. दोन सॉफ्टवेअरांच्या आकड्यांत तफावत पडायचं हेही एक नेहमीचं कारण आहे. आणि प्रथिनांवरच्या रासायनिक बदलांची यादी लांबवू नका. मेथिओनिनचं ऑक्सिडेशन, टोकाचं अॅसिटिलेशन, बस. लोक ‘असू दे’ म्हणून फॉस्फोरिलेशन, डीअमिडेशन सगळं टाकतात. डीअमिडेशनने वजन ०.९८४ ने वाढतं, आणि कार्बनचा एक जड अणू आला की १.००३ ने. मशीनने चुकून दुसरं समस्थानिक शिखर उचललं की सॉफ्टवेअरला डीअमिडेशन दिसू लागतं. प्रत्येक जादा बदल म्हणजे शोधायची जागा कित्येक पट मोठी, आणि मोठ्या जागेत योगायोगही जास्त.

आता रुग्ण विरुद्ध निरोगी, म्हणजे ज्यासाठी हे सगळं चाललंय ते. इथे मला संगणकापेक्षा लोकल ट्रेनची जास्त भीती वाटते. काही वर्षांपूर्वी मी एका प्रकल्पाचा डेटा बघत होते. रुग्णांच्या गटात हिमोग्लोबिन, कार्बोनिक अॅनहायड्रेज-१, कॅटलेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ झकास वाढलेले, पी-व्हॅल्यू बघून सगळे खूश. मग कळलं की निरोगी माणसांचं रक्त आमच्याच मजल्यावर काढून दहा मिनिटांत फिरवलं होतं, आणि रुग्णांचं रक्त शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मे महिन्याच्या उन्हात, दोन गाड्या बदलत आलं होतं. ही चारही तांबड्या पेशींतली प्रथिनं. वाटेत पेशी फुटल्या होत्या, आजाराचा संबंध नव्हता. तुमच्याकडे गुंता आणखी वाढतो, कारण मलेरियात तांबड्या पेशी खरोखरच फुटतात. तीच प्रथिनं आजारानेही वाढतात आणि प्रवासानेही. डेटावरून हे वेगळं करता येणार नाही. प्रत्येक नळी कधी काढली, कधी सेंट्रिफ्यूज केली, रंग कसा होता, याची वही असेल तरच काही बोलता येईल. नसेल तर ही प्रथिनं शोध म्हणून मांडू नका. प्लेटलेटमधल्या प्लेटलेट फॅक्टर-४ आणि थ्रॉम्बोस्पॉन्डिन या प्रथिनांचंही तसंच, मलेरियात प्लेटलेट कमी होतात आणि खराब सेंट्रिफ्यूजिंगने त्या प्लाझ्मात येतात. आणि हेही विचारा की १२ नमुने मशीनवर कुठल्या क्रमाने गेले. सहा रुग्ण सोमवारी आणि सहा निरोगी गुरुवारी गेले असतील तर तुम्ही सोमवार आणि गुरुवारची तुलना करत आहात.

मग रिकाम्या जागा. तुमच्या तक्त्यात पाव एक चौकटी रिकाम्या असतील. जे प्रथिन कमी, ते मशीन कधी उचलतं कधी नाही, म्हणून या जागा योगायोगाने रिकाम्या नसतात, कमी प्रमाणाकडे झुकलेल्या असतात. पर्सियस या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, ते या जागा लहान आकड्यांनी भरतं: सरासरीपासून १.८ प्रमाण विचलन खाली, रुंदी ०.३. सोय म्हणून ठीक आहे. पण सहापैकी चार रुग्णांत रिकामं आणि सहाही निरोगींत भरलेलं प्रथिन या बटणानंतर हमखास ‘लक्षणीय घट’ म्हणून येतं, आणि त्यातले चार आकडे मोजलेले नसून बटणाने घातलेले असतात. मी एका गटात निदान चार खरे आकडे असल्याशिवाय प्रथिन तपासायलाच घेत नाही. भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर, दोन्ही याद्या काढते, आणि दुसरीत नव्याने आलेल्या नावांकडे संशयाने बघते. आणि हो, ४०० प्रथिनांवर ०.०५ ची कसोटी लावली तर काहीही नसताना वीस ‘लक्षणीय’ निघतात. बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्ती (असे योगायोग चाळणारी आकडेमोड) लावायचीच. सहा-सहाच्या नमुन्यात तिच्यातून पाच नावं उरली तरी पुष्कळ.

तुमच्या फाइली डीआयए पद्धतीच्या असतील (फाइल पाठवणाऱ्यांना विचारा), तर गोष्ट वेगळी. तिथे मशीन एकेक तुकडा न निवडता वजनाच्या खिडकीतले सगळे एकदम फोडतं, आणि गुंता सोडवायचं काम संगणकावर येतं. २०१२ मध्ये रुडी एबरसोल्ड यांच्या गटाने स्वॉथ हे डीआयएचं तंत्र आणलं तेव्हा आधी स्पेक्ट्रमची लायब्ररी बनवावी लागायची. २०१९ च्या प्रॉसिटसारख्या न्यूरल नेटवर्कमुळे कुठला तुकडा कसा फुटेल आणि कधी बाहेर पडेल याचं भाकीत करता येतं, आणि २०२० च्या डाया-एनएन सॉफ्टवेअरने हे साध्या संगणकावर आणलं. रिकाम्या चौकटी कमी होतात. पण मॉडेल जितकं हुशार तितकं ते उलटा डेटाबेस ओळखायलाही शिकू शकतं, म्हणून एक टक्का लिहिलाय यावर डोळे मिटून विसंबू नका.

तपासायची पद्धत सोपी आहे, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडते. तुमच्या डेटाबेसमध्ये अरॅबिडॉप्सिस या रोपाची प्रथिनं घाला, साधारण २७,००० जनुकांची. मुंबईकराच्या प्लाझ्मात हे रोप असायचं कारण नाही. शोध पुन्हा चालवा. रोपाची जितकी प्रथिनं सापडली, साधारण तितकीच, किंवा थोडी कमी, मानवी यादीतही खोटी आहेत असं समजा. ४१२ च्या सेटिंगला तीन-चार यायला हवीत. ५९८ च्या सेटिंगला शंभर-दीडशे आली तर गाइडशी वाद घालायची गरजच नाही, तक्ता समोर ठेवा. मोठा आकडा चांगला दिसतो हे खरंच आहे, पण तुमच्या पेपरच्या परीक्षकांना ही युक्ती माहीत असेल असं धरून चाला.

प्रोग्रामिंगचं म्हणाल तर, शिका, पण ‘प्रोग्रामिंग’ म्हणून नको. एमएसकन्व्हर्ट या प्रोग्रामने एक रॉ फाइल एमझेडएमएल या खुल्या स्वरूपात बदला, पायथनमध्ये पायटिओमिक्स ही लायब्ररी उघडा, आणि वर सांगितलेला हिमोग्लोबिनचा तुकडा तुमच्या फाइलमध्ये ४७६.७५९ ला शोधून त्याचा आलेख काढा. वीसेक ओळींचं काम. एवढं जमलं की त्याच ओळींनी १८६ संशयित स्पेक्ट्रम एकामागून एक काढता येतात. आकडेवारीसाठी आर या भाषेतली लिम्मा किंवा एमएसस्टॅट्स ही पॅकेजं. सरावाला आणखी डेटा लागला तर प्राइड या सार्वजनिक संग्रहावर जगभरच्या लॅबच्या रॉ फाइली फुकट पडून आहेत. रात्री डाउनलोड लावा, हॉस्टेलच्या वायफायवर दिवसा होणार नाही.

आणि ते १८६ खरंच डोळ्यांनी बघा, दोन संध्याकाळी जातील. शिखरांची सलग शिडी दिसत नाही, चार-पाच रेघा जुळल्यात आणि सगळ्यात उंच तीन शिखरांना नावच नाही, अशावर फुली मारत जा. पहिल्या चाळीस-पन्नासांनंतर हात आपोआप बसतो. जे पंचवीस-तीस टिकतील त्यांची नावं मला कळवा, त्यांत कार्बोनिक अॅनहायड्रेज असेल तर नळ्यांच्या वहीच्या फोटोसकट.